केमिकल मारण्याआधी: जुनवानीतल्या विटांच्या भिंतींसाठी

भाद्रपद सरत आला की भिलाईतल्या जुनवानी, स्मृतीनगर, कोहका या भागांत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल आली, कपाटामागचा रंग फुगला, खिडकीखाली तपकिरी डाग पडला. मग हार्डवेअरच्या दुकानात विचारणा होते आणि दुकानदार एक डबा पुढे करतो. हे सिलिकॉन आहे, बाहेरून मारून घ्या, पाणी मोत्यासारखं घरंगळेल. पाणी खरोखर घरंगळतंही. पुढच्या श्रावणात ओल मात्र त्याच जागी पुन्हा उमटते.

डब्यातला माल बहुतेक वेळा वाईट नसतो. भिंतीत पाणी कुठून शिरतंय आणि ती किती पाणी पिते, हे कोणी पाहिलेलं नसतं. या दोन गोष्टी घरच्या घरी, थोड्या खर्चात मोजता येतात. त्या मोजल्यावरच कोणतं केमिकल घ्यायचं आणि मुळात घ्यायचं की नाही, हे ठरवता येतं. हा लेख उघड्या विटांच्या, दगडाच्या किंवा ब्लॉकच्या भिंतींसाठी आहे. गिलावा करून वर रंग दिलेल्या भिंतीवर हे केमिकल आत मुरतच नाही. तिथे पैसे घालवू नका. त्या भिंतीला भेगा बुजवून बाहेरचा चांगला रंग लागतो.

आधी हे केमिकल करतं काय, ते पाहू. विटेत आणि दर्जांतल्या, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतल्या, मालात केसाहून बारीक छिद्रं असतात. पाणी त्यांना चिकटतं आणि स्वतःच आत ओढलं जातं. सिलेन, सिलोक्झेन यांसारखी द्रव्यं छिद्रांच्या आतल्या भिंतींना बिलगतात आणि तिथे पाणी चिकटू देत नाहीत. छिद्र मात्र उघडंच राहतं. म्हणून आतली वाफ बाहेर पडू शकते, आणि हाच या द्रव्यांचा मोठा गुण आहे. मर्यादाही त्यातच आहे. जी फट डोळ्यांना दिसते, तिच्यात पाणी ओढलं जात नाही, ते वाहत जातं किंवा वाऱ्याने ढकललं जातं. वाहत्या पाण्याला ही द्रव्यं अडवू शकत नाहीत.

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत विटांच्या भिंतीवर आधी गरम साबणाचं पाणी आणि ते सुकल्यावर तुरटीचं पाणी मारत. दोन्ही मिळून छिद्रांत न विरघळणारा साबण तयार होई आणि तो पाणी परतवत असे. आजची रसायनं त्याहून कितीतरी टिकाऊ आहेत, पण भेगेपुढे त्यांचंही काही चालत नाही.

आता आपल्या भागातल्या भिंतींकडे येऊ. दुर्ग जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार ते बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच्या साडेतीन महिन्यांत कोसळतो. आकड्यावरून कोकणाची आठवण येणार नाही, पण बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा छत्तीसगडवर येऊन बसला की दोन-दोन, तीन-तीन दिवस झड लागते. वारा पाऊस भिंतीवर आडवा मारतो. पट्ट्याच्या जागेप्रमाणे वारा दिशा बदलतो, त्यामुळे फक्त पश्चिमेची भिंत भिजते असं समजू नका. एका पावसाळ्यात कोणती भिंत किती वेळ ओली राहते, याची नोंद ठेवा. मोबाइलमध्ये तारखेसकट फोटो काढले तरी पुरे.

जुनवानीतली बरीच नवी घरं सिमेंटच्या चौकटीची आहेत: कॉलम, बीम आणि मधे राखेच्या विटांची भरणी. भिलाईजवळच्या वीजकेंद्रांतून राख मुबलक मिळते. केंद्र सरकारच्या १९९९च्या अधिसूचनेने वीजकेंद्रांपासून ठरावीक अंतरातल्या बांधकामात ती वापरणं बंधनकारक केलं, आणि नंतर हे अंतर वाढवत नेलं. राखेची वीट वाईट नाही. पण तिचे पृष्ठभाग गुळगुळीत असतात, ती सुकताना थोडी आक्रसते, आणि मिस्त्रीने ती कोरडीच लावली तर मालातलं पाणी ओढून घेते. परिणामी वीट आणि माल यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते. झडीचं पाणी बहुतेक वेळा याच फटीतून आत येतं. विटेच्या अंगातून येणारं पाणी त्यामानाने कमी असतं. कॉलम आणि विटांचा जोड ही दुसरी कमजोर जागा. सिमेंटची चौकट आणि विटांची भरणी उन्हाने वेगवेगळ्या मापाने फुगतात-आक्रसतात, म्हणून तिथे उभी रेघ हमखास उमटते.

तिसरं कारण पायाखाली आहे. या भागात अनेक ठिकाणी कन्हार, म्हणजे काळी चिकण जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चढत गेलेली भेग उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात बारीक होत असेल, तर ते दुखणं पायाचं आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करा, तारीख लिहा आणि दर महिन्याला पट्टीने अंतर मोजा. अंतर बदलत असेल तर अभियंत्याला बोलवा. त्या भिंतीवर कोणतंही केमिकल मारायचा विचार सोडून द्या.

शोध घेण्याचं पहिलं साधन म्हणजे बागेची पाण्याची नळी. कोरड्या दिवसात भिंतीच्या तळापासून सुरुवात करा आणि एका जागी पाच-दहा मिनिटं पाणी मारा. आत एक जण टॉर्च घेऊन उभा राहू दे. मग थोडं वर सरका. खालून वर जाण्याला कारण आहे: वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळत येतं आणि नेमकी कोणती जागा गळते ते कळत नाही. खिडकीच्या सिलखाली, छज्ज्याच्या मुळाशी, कॉलमच्या जोडावर आणि शेवटी गच्चीच्या कठड्यावर जास्त वेळ थांबा. माझं निरीक्षण असं की, 'भिंतीतून ओल येते' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या जागांपैकी पुष्कळ ठिकाणी दोष कठड्याच्या डोक्याचा असतो. वर सपाट सोडलेला, उताराशिवायचा कठडा पाणी पितो आणि ते खाली दोन मजल्यांपर्यंत उतरतं.

असे दोष सापडले की ते आधी दुरुस्त करायचे. कठड्यावर आतल्या बाजूला उतार असलेली टोपी बसवा, आणि टोपीच्या व छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवा. सैल दर्जा निदान वीस मिलिमीटर खोल खरवडून काढा, विटा ओलसर करा आणि पुन्हा भरा. भरताना माल विटेपेक्षा कडक नको. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हे प्रमाण बहुतेक विटांना मानवतं. निव्वळ सिमेंटचा तगडा माल आक्रसतो आणि कडेने पुन्हा सुटतो. दर्जा ओल्या असतानाच गोल सळीने आत दाबून घट्ट करा; नुसत्या थापीने सपाट केलेल्या दर्जा जास्त पाणी पितात. भिलाईत स्लॅग सिमेंट सर्रास वापरलं जातं. पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतली मळी जामुलच्या सिमेंट कारखान्यात वापरात येते. या सिमेंटला सुरुवातीची ताकद यायला वेळ लागतो, म्हणून दर्जांना दहा दिवस तरी पाणी मारा आणि केमिकलसाठी महिनाभर थांबा.

दुरुस्तीनंतर पुढचा पावसाळा पाहायची सवड असेल तर जरूर पाहा. निम्म्याहून अधिक घरांना त्यानंतर केमिकलची गरजच उरत नाही, असं माझं मत आहे.

तरीही भिंत पाणी पीत असेल, तर आता ती किती पिते ते मोजायचं. त्यासाठी जगभर वापरलं जाणारं साधन म्हणजे कार्स्टेन नळी. रिलेम या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८०च्या सुमारास तिची पद्धत ठरवून दिली. काचेची मापाच्या रेषा असलेली उभी नळी, आणि तिच्या तळाशी भिंतीला चिकटणारी गोल वाटी. वाटीच्या कडेला पुट्टी लावून ती भिंतीवर दाबून बसवायची, नळी शून्याच्या रेघेपर्यंत पाण्याने भरायची आणि पाच, दहा, वीस, तीस मिनिटांनी किती मिलिलिटर पाणी भिंतीत गेलं ते लिहायचं. चाचणी इतकीच.

काचेची नळी मिळाली नाही तर अर्ध्या इंचाचा पीव्हीसी एल्बो घ्या. त्याच्या वरच्या तोंडात मापाच्या रेषा असलेली पारदर्शक नळी सीलंटने घट्ट बसवा. मोठ्या सिरिंजची दांडा काढलेली आणि टोक कापलेली नळी चालते. दुसरं तोंड पुट्टीने भिंतीवर. या घरगुती नळीचा आकडा छापील आकड्यांशी ताडून पाहता येणार नाही. पण केमिकलच्या आधी आणि नंतर, किंवा एका केमिकलची दुसऱ्याशी तुलना करायला ती पुरेशी आहे. नळी, पाण्याची उंची आणि वेळ तिन्ही दर वेळी सारखीच ठेवा. पुट्टीखालून पाणी झिरपलं तर तो आकडा टाकून द्या.

पाण्याच्या उंचीबद्दल थोडं समजून घ्या, कारण नळीचा निकाल इथेच चुकीचा वाचला जातो. दहा सेंटिमीटर उंच पाणी भिंतीवर जेवढा दाब देतं, तेवढा दाब द्यायला ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाचा वारा लागतो. जुनवानीत असा वारा सहसा येत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वादळी वाऱ्याचा दाब जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे पूर्ण भरलेली नळी ही भिंतीची फार कडक परीक्षा आहे. त्या परीक्षेत थोडं पाणी आत गेलं म्हणून केमिकल वाया गेलं असं समजायचं कारण नाही. शंका असेल तर नळीत दोनच सेंटिमीटर पाणी ठेवून, ते पुन्हा पुन्हा भरत दुसरं माप घ्या.

नळी कुठे लावायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. काही विटांच्या मधोमध लावा, काही आडव्या दर्जांवर आणि काही जिथे उभी दर्ज आडवीला मिळते तिथे. ही तीन प्रकारची मापं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. एकाच भट्टीतल्या दोन विटासुद्धा सारखं पाणी पीत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रकारची निदान चार-पाच मापं घ्या आणि मधला आकडा धरा. मग निकाल असा वाचा. विटा कमी पितात आणि दर्जांच्या जोडावर नळी पाहता पाहता रिकामी होते: दर्जा पुन्हा भरायला हव्यात, केमिकल नको. दोन्हीकडे वीस मिनिटांत अर्ध्या मिलिलिटरहून कमी पाणी जातं: भिंत घट्ट आहे, केमिकलने फारसा फरक पडणार नाही. विटा आणि दर्जा दोन्ही वीस मिनिटांत काही मिलिलिटर पितात, पण कुठेच नळी झटकन रिकामी होत नाही: अशा भिंतीला केमिकल उपयोगी पडतं. हे ठोकताळे माझे आहेत, मानकातले नाहीत; पण निर्णय घ्यायला त्यांचा चांगला उपयोग होतो.

भिंत मोजून झाली की विटा मोजा. बांधकामातून उरलेल्या, त्याच खेपेतल्या आठ-दहा विटा हव्यात. भारतीय मानक आयएस ३४९५ मध्ये वीट ओव्हनमध्ये १०५ ते ११५ अंशांवर वाळवून, वजन करून, चोवीस तास पाण्यात बुडवून पुन्हा वजन करायची पद्धत दिली आहे. भाजलेल्या मातीच्या विटेसाठी आयएस १०७७ आणि राखेच्या विटेसाठी आयएस १२८९४, दोन्हींत साधारण प्रतीच्या विटेने वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, असं म्हटलं आहे. म्हणजे तीन किलोची वीट ६०० ग्रॅमहून जास्त प्यायली तर ती मानकात बसत नाही. जुनवानी परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. तिथल्या स्थापत्य विभागात विटा तपासून मिळतील का, ते विचारून पाहा. घरी करायचं झालं तर मे महिन्याच्या उन्हात आठवडाभर वाळवलेली वीट आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटाही तुलनेसाठी चालेल.

आता तीन विटांची चाचणी. एक वीट तशीच ठेवा, दुसरीला एक केमिकल, तिसरीला दुसरं. तेही डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. सिलेन-सिलोक्झेनला आत पक्कं व्हायला वेळ लागतो, म्हणून निदान आठवडा थांबा, दोन थांबलात तर उत्तम. मग तिन्ही विटा परातीत एक सेंटिमीटर पाण्यात उभ्या करा. एका तासाने वजन करा, चोवीस तासांनी पुन्हा करा. साधी वीट चोवीस तासांत ३०० ग्रॅम आणि केमिकलची ३० ग्रॅम प्यायली, तर नव्वद टक्के घट झाली. चांगल्या द्रव्याकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

पण नुसतं कमी पिणं पुरेसं नाही. केमिकल किती खोल मुरलंय, ते वीट फोडून पाहा. फुटलेल्या बाजूवर पाणी शिंपडा. मधला भाग गडद होईल आणि कडेची पट्टी फिकीच राहील. ती पट्टी फूटपट्टीने मोजा. तीन-चार मिलिमीटर तरी हवी. वरच्या थरात जेमतेम बसलेलं द्रव्य छत्तीसगडच्या उन्हात फार दिवस टिकत नाही. पाण्याच्या मोत्यांवर भुलू नका, असं मी सगळ्यांना सांगत असतो. मोती पृष्ठभागावरचे असतात. मेणाचा पातळ थरसुद्धा पहिल्या दिवशी सुंदर मोती दाखवतो. उलट चांगल्या सिलेनच्या भिंतीवरचे मोती उन्हाने वर्ष-दोन वर्षांत नाहीसे होतात आणि तरी आतली खोल पट्टी काम करत राहते. म्हणून मोत्यांऐवजी नळीचा आकडा पाहा.

सर्वांत कमी केली जाणारी चाचणी म्हणजे वाळण्याची, आणि मला ती सगळ्यात आवश्यक वाटते. दोन विटा घ्या. एकीच्या एकाच मोठ्या बाजूला केमिकल लावा, दुसरीला काहीच नाही. आठवड्याने दोन्ही विटांना दुसऱ्या, न लावलेल्या बाजूने पोटभर पाणी पाजा. मग बाकीच्या पाचही बाजू रुंद चिकटपट्टीने घट्ट बंद करा. केमिकलची बाजू तेवढी उघडी ठेवा. साध्या विटेचीही तीच बाजू उघडी. सावलीत शेजारी शेजारी ठेवा आणि दररोज एका वेळेला वजन करा. केमिकलची वीट थोडी हळू वाळेल, त्यात गैर काही नाही. पण आठवड्यात साध्या विटेने गमावलेल्या पाण्याच्या निम्मंही तिने गमावलं नाही, तर ते द्रव्य आतली वाफ कोंडतंय. असं द्रव्य भिंतीवर लावलंत तर आतला ओलावा आतच अडकेल. त्यातले क्षार थराच्या मागे स्फटिक होऊन वाढतील आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा सुटेल. पाऊस थांबवायला गेलं आणि भिंतच गेली, असं तेव्हा होतं.

क्षारांची चाचणीही करून घ्या. आयएस ३४९५च्या तिसऱ्या भागात ती दिली आहे. विटेचं टोक पंचवीस मिलिमीटर खोल ऊर्ध्वपातित पाण्यात उभं करायचं, सगळं पाणी सुकू द्यायचं, पुन्हा तेवढंच पाणी घालायचं आणि सुकू द्यायचं. बॅटरीत घालायचं पाणी यासाठी चालतं. नळाच्या पाण्यात स्वतःचेच क्षार असतात. शेवटी विटेवर पांढरा थर किती पसरला ते पाहायचं. दहा टक्क्यांपर्यंत असेल तर किरकोळ, पन्नास टक्क्यांपर्यंत असेल तर मध्यम. त्याहून जास्त खार फुटत असेल, तर त्या भिंतीला केमिकल लावणं जोखमीचं आहे. राखेच्या काही विटांत चुन्यासोबत जिप्सम असतं, तिथे ही चाचणी चुकवू नका.

आता निवड. उघड्या मातीच्या विटांना सिलोक्झेन किंवा सिलेन-सिलोक्झेनचं मिश्रण सहसा मानवतं. सिलेनचे रेणू लहान असतात, ते घट्ट काँक्रीटमध्ये खोल जातात. पण उन्हात लावताना भिंतीत मुरण्याआधी उडूनही जातात. काँक्रीटच्या उघड्या बीमला सिलेन द्या. राखेच्या विटा आणि सिमेंटच्या ब्लॉकना मिश्रण द्या. ब्लॉकची छिद्रं मोठी असतात, तिथे माल जास्त लागेल. सिलिकोनेट स्वस्त असतं आणि पाण्यात मिसळून वापरतात, पण ते तीव्र अल्कधर्मी असतं. काच आणि ॲल्युमिनियम खराब करतं, आणि प्रमाणाबाहेर घट्ट लावलं तर भिंतीवर पांढुरकी राख बसल्यासारखी दिसते. चुनखडीच्या दगडाला सिलेनची पकड कमी बसते, म्हणून फरशीच्या दगडाच्या भिंतीवर चाचणीशिवाय काहीच लावू नका. ॲक्रिलिकची चकचकीत, कायम ओली दिसणारी झिलई पुष्कळांना आवडते. मी ती बाहेरच्या विटांना सुचवत नाही. ती छिद्रं बुजवते, आणि वरच्या वाळण्याच्या चाचणीत ती बहुधा नापास होईल.

दुकानात एक घोटाळा हमखास होतो. आयएस २६४५ लिहिलेला डबा माल कालवताना त्यात मिसळायच्या पावडर किंवा द्रवाचा असतो. तो भिंतीवर मारायचा नसतो. डबा हातात घेतल्यावर तीन गोष्टी वाचा: द्रव्य कोणतं, त्यात काम करणारा अंश किती टक्के, आणि ते पाण्यातलं आहे की सॉल्व्हंटमधलं. हे डब्यावर नसेल तर दुकानदाराकडे उत्पादनाचं तांत्रिक पत्रक मागा. ते देता येत नसेल, तर तो डबा घेऊ नका.

शेवटची परीक्षा भिंतीवरच. मागच्या बाजूला, पण पावसाचा मार बसणाऱ्या भिंतीवर एक मीटर बाय एक मीटरचे दोन-तीन चौकोन आखा. प्रत्येकात वेगळं द्रव्य लावा, एक चौकोन कोरा ठेवा. लावलेलं द्रव्य मोजून घ्या. विटांना लिटरला साधारण दोन ते चार चौरस मीटर एवढाच हिशेब येतो. त्याहून बराच जास्त आला तर हात आखडता घेतला गेलाय. रंग गडद झाला का, चकाकी आली का, पांढरा थर आला का ते पाहा आणि महिन्याने नळी लावा. शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्या.

भिंत कोरडी असायला हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ. पाऊस संपून महिना-दीड महिना झालेला असतो आणि ऊन सौम्य असतं. कोरडेपणा पाहायला अठरा इंचांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा सावलीतल्या भिंतीवर चारही बाजूंनी पट्टीने चिकटवा आणि निदान सोळा तास ठेवा. आतून बाष्प दिसलं किंवा भिंत गडद झाली तर अजून थांबा. एप्रिल-मेमध्ये लावायची वेळ आलीच तर सकाळी लवकर, भिंत थंड असताना लावा. तापलेल्या भिंतीवर द्रव्य मुरण्याआधीच उडतं. कारखान्यांची काळी धूळ आणि शेवाळ आधी साफ करा. शेवाळाला ब्लीचिंगचं पातळ पाणी लावा आणि नंतर स्वच्छ धुवा. राखेच्या विटांवर ॲसिड मारू देऊ नका. विटा बांधून ठेवणारा चुनाच त्याने खाल्ला जातो.

लावताना बागेच्या कमी दाबाच्या फवारणीयंत्राने खालून वर जा. द्रव्य भिंतीवरून वीतभर खाली ओघळेल इतकं भरपूर लावा, आणि ते ओलं असतानाच दुसरा हात द्या. काचा, ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि झाडं प्लास्टिकने झाका. सॉल्व्हंटचा माल असेल तर विडी-सिगारेट, वेल्डिंग, गॅस जवळ नको. माणसांना हातमोजे, चष्मा आणि मास्क हवाच.

काही जागा सोडून द्या. जिथे जमिनीतून ओल चढते, जोत्याला ओलप्रतिबंधक थर नाही, तिथे बाहेरून केमिकल लावलं तर पाणी आणखी वर चढतं. आतल्या बाजूने कधीच लावू नका. चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या भिंतींपासूनही दूर राहा. सिरपूरचं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं आहे आणि ते विटांचंच आहे. अशा जुन्या भिंती श्वास घेत टिकल्या आहेत. हे द्रव्य एकदा छिद्रांत गेलं की परत काढता येत नाही, म्हणून तिथला निर्णय पुरातत्त्वाच्या जाणकारांनीच घ्यायचा.

काम ठेकेदाराला देणार असाल तर कागदावर लिहून घ्या: द्रव्याचं नाव, सीलबंद डबे तुमच्यासमोर उघडणं, चौरस मीटरला किती लिटर, आणि महिन्यानंतर तुमच्या नमुना चौकोनाइतकाच नळीचा आकडा. हमीपत्रात भेगा वगळलेल्या असतात, म्हणून दुरुस्ती आधी पुरी करून तिचे फोटो सोबत ठेवा. नळीची सगळी मापं, जागा दाखवणाऱ्या साध्या रेखाचित्रासह, घराच्या फाइलीत ठेवा. दर दोन वर्षांनी दिवाळीनंतर त्याच जागांवर नळी लावा. भिंत पहिल्या कोऱ्या मापाच्या निम्म्याइतकं पाणी पुन्हा पिऊ लागली, की दुसऱ्या हाताचा विचार करायची वेळ आली.